खाडीवर गरीला जाताना पिशवीत काय घ्यावं

गरीला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचं ठरलं की पिशवी काढण्याआधी कॅलेंडर बघा. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला साडेअकरा-बाराच्या सुमारास. दिवसा एक भरती, रात्री एक. हा हिशेब अंदाजाचा आहे, मिनिटांचा नाही, आणि ठाणे खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी थोडं उशिरा चढतं. नक्की वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं. पण तिथी बघायची सवय लावा, कारण पाणी किती जोरात येणार हे तीच सांगते. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, म्हणजे जोराची भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची. उधाणाची पिशवी वेगळी, भांगाची वेगळी.

मी ऐरोलीच्या दिवा गावातला. आठवडाभर रबाळ्याला एमआयडीसीत फिटरचं काम आणि रविवारी खाडी. नवीन पोरं माझ्याबरोबर यायचं म्हणतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, दादा, रॉड कुठला घेऊ? रॉडचं नंतर बघू. आधी शिसं, म्हणजे गळ तळाला नेणारं वजन, किती ते ठरवा.

भांगाला पाण्याला ओढ कमी असते. तीस ते पन्नास ग्रॅमचं शिसं तळाला बसून राहतं. उधाणाला तेच शिसं वाहत जाऊन शेजाऱ्याच्या दोरीत गुंततं, तेव्हा ऐंशी-शंभर ग्रॅमचं हवं. घोडबंदरच्या बाजूला गायमुखला बसणार असाल तर जडच न्या. चिखलाच्या तळाला चपटं किंवा कोनाचं शिसं रुततं, गोल घरंगळतं. जेट्टीच्या खांबांपाशी आणि दगडांत शिसं अडकणारच, म्हणून तिथे मी विकतचं शिसं वापरत नाही. जुने नट आणि गॅरेजवाल्याकडचे टाकून दिलेले स्पार्क प्लग नेतो. ते मुख्य दोरीपेक्षा कमजोर दोरीने बांधायचे. अडकलं तर ती दोरी तुटते, गळ आणि मासा परत येतो.

दोरी म्हणजे आपला तंगूस, नायलॉनचा धागा. खाडीतल्या कामाला ०.४० मिलिमीटरचा पुरतो. गळापाशी मात्र हातभर ०.६० चा तुकडा जोडा. जिताडा मासा लागला तर त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते, बारीक तंगूस ती सहज कापते. जिताडा आणि तांब या माशांना एक-शून्य ते तीन-शून्य नंबरचे मोठे गळ, बोय माशासाठी सहा-आठ नंबरचे बारीक. बोयला कणकेच्या गोळ्या चालतात, बाकी सगळ्यांना कोलंबी. ती आदल्या संध्याकाळी आणा, सोला, मीठ लावून डब्यात ठेवा. मिठाने ती घट्ट होते आणि फेकताना गळावरून निसटत नाही. आमिषाचा डबा आणि भाकरीचा डबा एका पिशवीत नको.

गळ घरीच बांधून न्या, दिव्याखाली, शांतपणे. खाडीच्या वाऱ्यात, ओल्या हाताने, पाणी वळायच्या ऐन घाईत गाठ नीट बसत नाही. बांधलेले गळ जुन्या रबरी चपलेच्या तळव्यात खोचून ठेवायचे. पेटीत सुटे टाकलेले गळ एकमेकांत अडकतात, आणि घाईत हात घातला की बोटात जातात.

आता रॉड. दोन तुकड्यांचा, सात-आठ फुटांचा फायबरचा घ्या. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तो तुकडे सुटे करून, कापडात गुंडाळून नेता येतो. रील चार हजार नंबरचं. कार्बनचा रॉड हलका असतो, पण त्यातून वीज वाहते. खाडीवरून उच्च दाबाच्या तारा गेलेल्या आहेत, त्यांच्या खाली कुठलाच रॉड उभा धरायचा नाही, आणि आभाळ गडगडायला लागलं की हातातला खाली ठेवून किनारा सोडायचा. पहिल्यांदाच येणार असाल तर रॉड घेऊच नका. रिकाम्या बाटलीला शंभर मीटर तंगूस गुंडाळा, टोकाला शिसं आणि दोन गळ लावा. मासा दोरीला कसा हात लावतो ते बोटाला कळतं. शिंगाळा ओढून धरतो, बोय नुसती टोचते. हे एकदा बोटाला कळलं की मग रॉड घ्या.

शिंगाळ्याबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आपल्या खाडीत गरीला तो लागतोच. त्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या परांत. काटे करवतीसारखे दातेरी आणि विषारी. टोचला तर हात ठणकत राहतो, सुजतो. म्हणून पिशवीत दोन वस्तू लागतातच. एक, गोणपाटाचा तुकडा आणि लांब चोचीची पक्कड. गोणपाट ओला करून मासा दाबायचा आणि गळ पकडीने काढायचा. नुसत्या हाताने कधीच नाही, तो मेलेला दिसला तरी नाही. दुसरी वस्तू, गरम पाण्याचा थर्मास. चहाचा वेगळा, हा वेगळा. काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो आणि ठणका उतरतो. दुखऱ्या हाताला भाजलेलं कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा. मग डॉक्टरकडे जाऊन काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना ते तपासून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाकट, म्हणजे तळाला पडून राहणारा चपटा मासा, त्याच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय. उथळ पाण्यात उतरावं लागलं तर पाय उचलून न टाकता घासत चाला, पाकट बाजूला होतं.

पक्कड तार कापणारी असू द्या. गळ बोटात कुसापर्यंत, म्हणजे टोकाजवळच्या उलट्या काट्यापर्यंत, गेला तर उलटा ओढायचा नाही. बाहेरची दांडी कापून, जखमेवर कापड बांधून सरळ दवाखाना. चेहऱ्याजवळ गेला असेल तर त्याला हातही लावायचा नाही.

पायात काय घालायचं यावर माझं मत पक्कं आहे. गमबूट नको. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत घेतो, बूट तिथेच राहतो आणि माणूस तोंडावर पडतो. चपलाही नको, कारण दगडांवर आणि खांबांवर कालवं असतात, त्यांची धार तळवा फाडते. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधलेली. चिखलात पाय अडकला तर झटका देऊ नका. मागे रेलून, वजन पसरून, एकेक पाय हळूहळू सोडवा. म्हणूनच एकट्याने जायचं नाही. सोबत पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन ठेवा, बूच घट्ट लावलेला, मुठीला दहा मीटर दोरी बांधलेली. कोणी पाण्यात गेलं तर उडी मारायची नाही, कॅन फेकायचा. तो माणसाला धरायला तरंगता आधार देतो. वजन काहीच नाही, तेव्हा जागा नाही ही सबब चालणार नाही.

बाकीचं पटकन सांगतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी. डासांचं मलम, कारण संध्याकाळी खारफुटीपाशी बसवत नाही. कपाळाला बांधायची बॅटरी, शिट्टी, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. पावसात छत्री नको, रेनकोट. मासे ठेवायला रंगाची दहा लिटरची बादली. तिच्यात आदल्या रात्री बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, जाताना सामान आणि येताना मासे तिच्यातच. हे सगळं एका खांद्यावर मावलं पाहिजे. उतरताना दोन्ही हात मोकळे नसतील तर सामान जास्त झालं.

आणखी एक रिकामी पिशवी घ्या, तंगूसच्या तुकड्यांसाठी. ठाणे खाडीचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. चिखलात टाकलेला तंगूस पाखरांच्या पायांत गुंततो आणि कुजत नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका, पुलावर उभं राहून गरी टाकू नका. सारसोळे असो की दिवाळे, जेट्टीवर आधी गावातल्या माणसाला विचारा. कुणाचे चिंबोऱ्यांचे फग, म्हणजे खेकडे धरायचे सापळे, कुठे लागलेत, जाळं कुठे आहे, हे त्यालाच माहीत असतं. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला गळ त्यात जाता कामा नये.

घरी आलात की मासे साफ करण्याआधी रील गोड्या पाण्याने धुवा, पुसा, हँडलच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. खाऱ्या पाण्यात गेलेले गळ कोरड्यांबरोबर त्याच चपलेत खोचू नका, एका रात्रीत सगळे गंजतात.