लघवीला जळजळ होतेय? घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे निदान आजीच करून मोकळी होते: "उन्हाळे लागलेत, धन्याचं पाणी पी." मुंबईच्या मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ते बऱ्याचदा खरंही असतं. घामावाटे पाणी जातं, लघवी गडद पिवळी होते आणि चुरचुरते. पण त्याच एका शब्दाखाली जंतुसंसर्ग, मुतखडा, लैंगिक आजार असं सगळं खपून जातं आणि चार दिवस धन्याच्या पाण्यावर निघतात. म्हणून पहिलं काम म्हणजे हे उन्हाळेच आहेत ना, ते बघणं.

जळतंय कुठे, कधी?

रंग गडद आहे आणि तीन-चार तास भरपूर पाणी प्यायल्यावर रंग फिका होऊन जळजळही गेली, तर प्रश्न मिटला. दर दहा मिनिटांनी लागल्यासारखं होतंय, गेल्यावर चारच थेंब येतात, ओटीपोट जड झालंय, लघवी गढूळ आहे, तर मूत्राशयात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता जास्त. लघवी बाहेरच्या त्वचेला लागते तेव्हाच झोंबतंय, खाज आहे, पांढरं जातंय, तर तो बहुधा योनीमार्गाचा त्रास; त्याची औषधं वेगळी. पाठीतून जांघेकडे लाटेसारखी कळ येत असेल तर मुतखडा. पुरुषांमध्ये लघवीच्या जागेतून पू किंवा स्राव येत असेल, तर लैंगिक संबंधातून आलेल्या संसर्गाची तपासणी हवीच, आणि जोडीदाराचीही.

हा त्रास बायकांना जास्त होतो, कारण त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषांचा साधारण 20. आतड्यातले ई. कोलाय जंतू एवढंसं अंतर सहज चढतात. त्यात आपलं शहर. विरार ते चर्चगेट 60 किलोमीटर, लोकलमध्ये शौचालय नाही, स्टेशनवरच्याचं नाव काढायला नको. मग कित्येक जणी घरातून निघतानाच पाणी पीत नाहीत आणि ऑफिसला पोहोचेपर्यंत दाबून धरतात. जंतूंना याहून सोयीचं काय असणार? बायकांसाठी मोफत मुताऱ्या मागणारी 'राइट टू पी' मोहीम 2011 मध्ये मुंबईत सुरू झाली, ती उगाच नाही.

घरगुती उपाय करत बसू नका, अशा वेळा

ताप आणि हुडहुडी, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या. यातलं काही जळजळीबरोबर आलं तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र काढू नका. लघवी लागलीय, पोट तटतटलंय आणि होतच नाही, तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर लाज बाजूला ठेवून लगेच निघा. पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. लघवीत रक्त दिसलं आणि दुखत नसलं, तरी दाखवायचंच.

गरोदर बाईने किरकोळ जळजळही अंगावर काढू नये. संसर्ग वर चढतो आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढतो. लहान मुलं, पुरुष, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि घरातले वयस्कर यांच्याही बाबतीत "बघू दोन दिवस" नको. म्हातारी माणसं कधी कधी जळजळीचं बोलतच नाहीत, एकदम गोंधळल्यासारखं करायला लागतात.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे पिवळे, लघवी कमी, असं झालं तर ते उन्हाळे नव्हेत. लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा संसर्ग) शंका घेऊन लगेच दवाखाना.

यातलं काहीच नसेल तर

एक दिवस घरी थांबायला हरकत नाही. पाणी थोडं-थोडं पण सतत प्या (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच). कोकम सरबत, सब्जा, आजीचं धन्याचं पाणी खुशाल घ्या. त्याने बरं वाटतं, पोटात पाणी जातं, जंतू मात्र मरत नाहीत. चहा-कॉफी कमी, दारू बंद. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी. लागली की लगेच जा. चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टर.

नमुना आधी, गोळी नंतर

सगळ्यात जास्त चूक इथे होते. केमिस्टकडे जाऊन "लघवीच्या जळजळीचं काहीतरी द्या" म्हणायचं, दोन गोळ्या घ्यायच्या आणि राहिलं तर मग लॅब. आमच्या घरात हेच झालं. गोळ्यांमुळे कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू वाढलेच नाहीत, आणि आठवड्याने त्रास परत हजर. ज्या पट्टीवर लाल रेघ असते ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचंच नसतं.

नमुना देताना हात धुवा, जागा साध्या पाण्याने धुऊन पुसा. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, डबीच्या आत बोट लावू नका. पाळी चालू असेल तर सांगा. तासाभरात लॅबमध्ये पोहोचली पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. ठाण्याला राहून दादरच्या लॅबचा हट्ट धरू नका. रुटीनचा, म्हणजे लघवीच्या साध्या तपासणीचा, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला दोन-तीन दिवस लागतात.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका, सांगितलेले सगळे दिवस घ्या. दोन दिवसांत काहीच फरक नसेल तर परत जा. लघवीत पू-पेशी आहेत, पण साध्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि महिनोन्महिने जळजळ चालू आहे, असं असेल तर मूत्रमार्गाच्या टीबीबद्दल स्वतःहून विचारा.

खर्चाची चिंता असेल तर जवळचा महापालिकेचा 'आपला दवाखाना' किंवा केईएम, नायर, सायन, कूपर यांची ओपीडी आहे. लैंगिक संसर्गाची शंका असेल तर सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. केसपेपर काढताना "लघवीचा त्रास" एवढंच म्हणा. बाकीचं, म्हणजे किती दिवस झाले, ताप आला का, मधुमेह आहे का, पाळी चुकलीय का, आधी कुठली गोळी घेतली, हे आत डॉक्टरांना सांगा. गोळीची रिकामी पट्टी असेल तर ती खिशात घालूनच निघा.