आर्थरच्या कथांतील वीरधर्म आणि प्रेम : वाचनमंडळात कसे वाचावे

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा कथा प्रेक्षकांच्या ओळखीचीच होती; उत्सुकता होती ती मांडणीची. सांगलीतल्या वाचनमंडळांनी ब्रिटनचा दंतकथांतील राजा आर्थर याच्या कथाही त्याच दृष्टीने हाती घ्याव्यात, कारण प्रत्येक शतकाने त्या नव्याने रचल्या आहेत आणि वीरधर्म व प्रेम यांचा झगडा त्या फेररचनेतूनच उभा राहिला आहे.

वाचन कालक्रमाने करावे. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये रंगविलेला आर्थर दिग्विजयी राजा आहे, पण तेथे त्याचा श्रेष्ठ वीर लान्सलॉटही नाही आणि त्याच्या वीरांच्या बैठकीचे गोलमेजही नाही. ते मेज ११५५ मध्ये वास या कवीच्या फ्रेंच काव्यात येते. या दोघांना एक बैठक पुरते.

खरा वेळ क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीच्या लान्सलॉटला द्यावा. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या काव्यात पळवून नेलेल्या, आर्थरच्या राणी ग्विनेव्हिअरच्या शोधात निघालेल्या, तिच्यावर प्रेम करणाऱ्या लान्सलॉटला गाडी हाकणारा एक बुटका भेटतो आणि राणीचा ठावठिकाणा हवा असेल तर गाडीत बस, असे सांगतो. गाडी गुन्हेगारांची धिंड काढण्याची असल्यामुळे विवेक त्याला मागे ओढतो, प्रेम पुढे ढकलते आणि दोन पावले अडखळून तो चढतो. सोबतचा वीर गवेन मात्र घोड्यावरच राहतो. पुढे तलवारीच्या पात्याचा पूल रक्तबंबाळ हातापायांनी ओलांडून आलेल्या या वीराकडे राणी बघतसुद्धा नाही, आणि त्याचे कारण ती नंतर सांगते : ती दोन पावले. हा प्रसंग एकाने मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने मराठीत सांगावा आणि मगच चर्चा सुरू करावी. राणीला निष्ठुर ठरवून मोकळे होण्याचा मोह येथे हमखास होतो. तो आवरावा, कारण प्रेमासाठी स्वतःच्या लौकिकावरही पाणी सोडावे, हा आदर्श कवीने येथे पूर्ण ताणून दाखविला आहे, आणि तो पेलवतो का, हाच चर्चेचा विषय आहे.

त्यानंतर थेट टॉमस मॅलरीकडे यावे. त्याने १४६९–७० मध्ये पूर्ण केलेला इंग्रजी ग्रंथ कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापला. गोलमेजावरील वीर दरवर्षी घेत असलेली शपथ त्यात आहे : अत्याचार व खून करू नये, शरणागताला अभय द्यावे, स्त्रियांच्या साहाय्यास धावावे, अन्याय्य भांडणात शस्त्र उचलू नये. ही कलमे कागदावर उतरवून प्रत्येकाच्या हाती द्यावीत आणि लान्सलॉटवरील प्रेमापायी ग्विनेव्हिअरला झालेल्या जिवंत जाळण्याच्या शिक्षेतून तिला लान्सलॉट सोडवितो तो भाग ती समोर ठेवून वाचावा. स्त्रीला वाचविण्याचे कलम तो अक्षरशः पाळतो. मात्र त्याच गर्दीत, न ओळखता, गॅरेथ आणि गॅहेरिस या गवेनच्या निःशस्त्र भावांना तो ठार करतो. गॅरेथला वीरपद त्यानेच दिलेले असते. तोवर लान्सलॉटची बाजू घेणारा गवेन या भावांच्या मृत्यूनंतर त्याचा हाडवैरी होतो आणि आर्थरचे राज्य दुभंगते.

शेवटच्या बैठकीत सभासदांनी लान्सलॉट, ग्विनेव्हिअर, गवेन आणि आर्थर यांच्या बाजू वाटून घ्याव्यात. आर्थरची बाजू सर्वांत अनुभवी वाचकाकडे द्यावी, कारण ज्या कायद्याने तो राणीला शिक्षा देतो, तो मोडला जाऊ नये आणि राणीही वाचावी, अशा कात्रीत तो सापडला आहे, आणि हे बोलून दाखविणे सर्वांत अवघड आहे.