डरहॅमचे ६२ आणि पुण्याचे ६२

परत येऊन दोन वर्षं होत आली, तरी कुणी 'गुणपत्रिका' म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून देवाणघेवाण योजनेतून परदेशात एखादं सत्र करायला निघालेल्यांना आधी तेच सांगणार आहे. बॅग किती किलोची, कोट इथून न्यावा की तिथे घ्यावा, हे तुम्हाला कुणीही सांगेल.

मी साताऱ्याची, पुण्यात एका कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते. तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र कॉलेजच्या देवाणघेवाण योजनेतून इंग्लंडमधल्या डरहॅमला केलं. लिहितात डरहॅम, म्हणतात 'डरम'. तिकीट खिडकीवर मी 'हॅम'वर चांगला जोर दिला होता, तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या, "डरम, पेट." पेट म्हणजे तिकडचं 'बाळा'. त्या एका शब्दावर मी पहिला आठवडा काढला.

तिथल्या पहिल्या सत्राला मायकेलमस टर्म म्हणतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दहा आठवडे. या दहा आठवड्यांत माझ्या निबंधांना ५८, ६२ आणि ६६ गुण पडले, सरासरी ६२. दहावी-बारावीला नव्वदीच्या खाली न आलेली मुलगी ५८ बघून काय करेल? वेअर नदीच्या काठी बाकावर बसून रडले. डोक्यावर ते अवाढव्य कॅथीड्रल, १०९३ पासून बांधायला घेतलेलं, आणि खाली मी ५८वाली. घरी सांगितलंच नाही.

आता नीट वाचा, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ब्रिटिश विद्यापीठात ४० ला पास. ५० ते ५९ म्हणजे लोअर सेकंड, ६० ते ६९ म्हणजे अपर सेकंड, आणि ७० च्या पुढे फर्स्ट. ७० वर संपत नाही, ७० पासून फर्स्ट सुरू होतो, आणि इतिहासासारख्या विषयात ८० पाहिलेली मुलं शोधून काढावी लागतात. शंभरातले वरचे वीस-पंचवीस गुण जवळजवळ शोभेलाच असतात. चांगल्या नोकऱ्या आणि पुढचे प्रवेश बहुतेक ठिकाणी अपर सेकंडवर मिळतात. म्हणजे माझे ६२ हे तिथे 'मुलगी चांगली आहे' असे होते. माझ्या ट्यूटरबाईंनी ते दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा विश्वास ठेवला नाही. त्या समजूत घालताहेत असंच मला वाटलं.

पुण्यात परतल्यावर हेच ६२ कॉलेजच्या कार्यालयात गेले. क्लार्क भाऊसाहेबांनी आमचा तक्ता काढला, त्यात ६२ शोधले, समोरची श्रेणी उतरवली. दोन मिनिटांचं काम. माझा सीजीपीए असा उतरला की एम.ए.च्या एका अर्जाला मी पात्रच राहिले नाही. मी म्हटलं, तिथले ६२ वेगळे असतात. ते म्हणाले, "ताई, ६२ म्हणजे ६२." त्यांचंही चुकलं असं मला आज वाटत नाही, त्यांच्या हातात दुसरा कागदच नव्हता. तो आणून द्यायचं काम माझं होतं, आणि मी ते जाण्याआधी करायला हवं होतं.

क्रेडिटचंही तेच. तिकडे पूर्ण वर्षाचे १२० क्रेडिट, आपल्या नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ४०. दोन्हीकडे वर्षाचा अभ्यास साधारण १२०० तासांचाच धरलाय. तिथे १० तासांना एक क्रेडिट, इथे ३० तासांना एक. म्हणजे तीनास एक. हा हिशेब एका ओळीचा आहे, पण ती ओळ प्राचार्यांच्या सहीची असावी लागते. सही जाण्यापूर्वी मिळते, आल्यावर मिळवताना चपला झिजतात. माझ्या झिजल्या.

तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी चार गोष्टी लेखी घ्या. तिथले कोणते विषय इथल्या कोणत्या विषयांच्या बदल्यात धरणार. क्रेडिट कसे मोजणार. गुणांचं रूपांतर कोणत्या तक्त्याने करणार. आणि निकाल उशिरा आला तर काय? हे चौथं सगळे विसरतात. तिकडे परीक्षक मंडळाची बैठक होईपर्यंत गुण 'तात्पुरते' असतात, आणि ती बैठक बरेचदा उन्हाळ्यात होते. तुमचा इथला निकाल तोवर लागूनही गेलेला असतो. ई-मेलवर 'बघू, होऊन जाईल' असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका.

'होऊन जाईल' हे मला आमच्या सीनियरने सांगितलं होतं. सीनियर मंडळींबद्दल माझं मत आता जरा कडू आहे. आदल्या वर्षी गेलेला माणूस तुम्हाला कुठला बस पास स्वस्त हे छान सांगतो, पण त्याचं काम कशामुळे झालं हे त्यालाच माहीत नसतं. एजंटांचं तर नावच नको. देवाणघेवाणीत दोन्ही विद्यापीठांचा करार आधीच झालेला असतो, एजंट नेमके कशाचे पैसे घेतो?

व्हिसाचं थोडक्यात. सहा महिन्यांच्या आतलं शिक्षण असेल तर व्हिजिटर व्हिसावर जाता येतं, पण त्यावर काम करायचं नाही. कॅफेत दोन तासही नाही, रोख पैसे घेऊनही नाही. त्याची मुदत वाढवून पुढचं सत्र तिथेच करू, हाही विचार डोक्यातून काढा. आरोग्य विमा घेतल्याशिवाय निघू नका.

एवढं वाचून कुणी घाबरलं असेल तर सांगते, अभ्यास जमतो. खरंच जमतो. माझे ५८ कुठून आले तेही ऐका. निबंध होता १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपावर. डरहॅम हा कोळशाचा मुलूख, तेव्हा विषय तिथल्या मातीतला. मी अकरा पुस्तकं वाचली, तारखा, आकडे, सरकारची बाजू, युनियनची बाजू, सगळं शिस्तीत मांडलं. समासात शेरा आला: माहिती भरपूर, पण तुझं म्हणणं काय? आपल्याला लहानपणापासून 'सविस्तर लिहा' शिकवलेलं असतं. तिथे 'भांडा' असं अपेक्षित असतं, पुरावा हातात घेऊन. पहिल्या परिच्छेदात तुमचं म्हणणं सांगायचं आणि पुढे ते सिद्ध करायचं. कुणाचं वाक्य घेतलं तर त्याचं श्रेय द्यायचं, नाहीतर सॉफ्टवेअर पकडतं आणि मग गुणांचा प्रश्नच उरत नाही.

ट्यूटरबाईंना भेटायची वेळ ठरलेली असते, आठवड्यातून एखादा तास. मी पहिले चार आठवडे गेले नाही. त्यांना 'मॅडम' म्हणायचं की नुसतं नावाने हाक मारायची, यातच अडकले होते. (नावानेच मारतात. जीभ वळत नाही, वळवा.) पाचव्या आठवड्यात गेले आणि बोलता बोलता म्हटलं, माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी बसले ते परत साताऱ्यालाच आले. बाई खुर्चीत सरसावून बसल्या. म्हणाल्या, मग हे का नाही लिहीत? दत्ता सामंतांचा संप आणि इथला संप, दोन वर्षांच्या अंतराने, दोन्ही दीर्घ, दोन्ही हरलेले. गिरणगाव आणि खाणीची गावं त्यानंतर कशी रिकामी झाली? तो निबंध ६६ चा. मला तिथल्या कुठल्याही भाषणापेक्षा तो तास जास्त उपयोगी पडला. पहिल्या आठवड्यातच जा, प्रश्न नसला तरी जा.

गावाबद्दल फार सांगत नाही. नदीने तीन बाजूंनी वेढलेला उंचवटा, वर कॅथीड्रल आणि किल्ला, बाकी गाव चढउताराचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला चढ कळतो, रस्त्यात बसवलेले ओले गोटे कळत नाहीत. बूट तळ बघून घ्या. गाव लहान आहे हे पहिले पंधरा दिवस खुपतं, मग तेच बरं वाटतं, कारण कुठेही चालत पोचता येतं. पोहे, कोकम असलं काही हवं असेल तर न्यूकॅसल गाठा, रेल्वेने पंधरा मिनिटं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर जे होतं त्याची तयारी ठेवा: डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. मला वाटायचं मी आळशी झाले. अंधाराचा परिणाम होता. दुपारी एक ते दोन बाहेर पडायचं असं ठरवलं तेव्हा जरा माणसात आले.

कॅथीड्रलच्या मनोऱ्याला ३२५ पायऱ्या आहेत. पदवी मिळण्याआधी वर गेलं तर पदवी मिळत नाही, असं तिथली मुलं मानतात. माझी पदवी तिथली नव्हतीच, तरी मी चढले नाही.

गुणांचं काय झालं? तीन अर्ज, किती गुणांना कोणती श्रेणी हे सांगणारं तिथल्या विद्यापीठाचं श्रेणीपत्रक, ट्यूटरबाईंचं एक पत्र, आणि पाच महिने. शेवटी दुरुस्ती झाली. एम.ए.च्या त्या अर्जाची तारीख तोवर गेली होती, मी दुसरीकडे प्रवेश घेतला. दुरुस्त गुणपत्रिका देताना भाऊसाहेबांनी श्रेणीपत्रकाची एक झेरॉक्स काढून घेतली आणि खणात ठेवली. म्हणाले, "पुढच्या वर्षी दोघं चाललेत."