शेळी की मेंढी?
उत्खननातील हाडांची वर्गवारी करताना शेळी व मेंढी वेगळी काढण्यासाठी मी आधी केवळ आकारावर भिस्त ठेवली आणि फसलो. कारण वय, लिंग व पोषण यांनुसार एकाच जातीतही आकार बराच बदलतो. मग पुढच्या पायाच्या नळीचे खालचे टोक भिंगाखाली धरले. तेथील सांध्याच्या गोलाईवर एक उभी कड असते. तिच्या बाहेरचा भाग कडेच्या मानाने शेळीत बुटका, तर मेंढीत शेळीपेक्षा उंच असतो. कॅलिपरने दोन्हींचे गुणोत्तर काढल्यावर बहुतेक तुकडे सुटले. टोके अजून मुख्य हाडाला न जुळलेली कोवळी हाडे मात्र ‘शेळी/मेंढी’ अशीच नोंदवली (खोट्या अचूकतेपेक्षा हे बरे). अडलेल्या तीन तुकड्यांतील कोलॅजन (हाडातील प्रथिन) तपासून घेतले; त्याच्या वस्तुमान वर्णपटात (रेणूंचे तुकडे वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या आलेखात) मेंढीचे शिखर ३०३३ या वस्तुमानाजवळ, तर शेळीचे ३०९३ जवळ दिसते. दोन तुकडे मेंढीचे निघाले.