कोविडनंतरच्या ‘जादा मृत्यूं’चा ग्राफ आला की आधी काय तपासायचं

फॅमिली ग्रुपवर अजूनही अधूनमधून एक ग्राफ येतो, की २०२२-२३ मध्ये लोक नेहमीपेक्षा जास्त मेले आणि कुणी बोलायला तयार नाही. बहुतेक वेळा तो इंग्लंडचा नाहीतर जर्मनीचा असतो आणि खाली कारण, बहुतेकदा कोविडची लस, आधीच लिहून टाकलेलं असतं. आकडा खोटाच असतो असं नाही हां. पण जादा म्हणजे नेमका कशापेक्षा जादा हे कळल्याशिवाय कारणावर बोलण्यात काही अर्थ नाही, आणि हे तपासायला डॉक्टर असावं लागत नाही, थोडंफार एक्सेल येत असलं तरी चालतं.

सगळ्यात आधी बेसलाइन शोधा, म्हणजे साथ आलीच नसती तर साधारण किती मृत्यू झाले असते तो अंदाज. ग्राफखाली बारीक अक्षरात ‘पाच वर्षांची सरासरी’ असं लिहिलंय का बघा. आता समजा एका गावात २०१५ ला १०००, मग १०२०, १०४०, १०६० आणि २०१९ ला १०८० मृत्यू झाले. सरासरी येते १०४०. २०२३ ला ११७० झाले तर लगेच १३० जादा, म्हणजे साडेबारा टक्के, हेडलाइन तयार! पण आकडा दरवर्षी २० ने वाढतच होता ना, त्याच चालीने २०२३ ला ११६० व्हायलाच हवे होते, मग जादा किती, तर फक्त १०. एक्सेलमध्ये फोरकास्ट फंक्शन आहे, जुनी वर्षं टाका, ते पुढची रेघ काढून देतं. दोन्ही रीतींनी करून बघा आणि किती फरक पडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

हे काही कागदावरचं उदाहरण नाही. ब्रिटनच्या ओएनएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आकडेवारी खात्याने, २०२४ च्या फेब्रुवारीत नेमकं हेच बदललं. जुन्या पाच वर्षांच्या सरासरीने २०२३ चे जादा मृत्यू ३१,४४२ येत होते, लोकसंख्या किती वाढली आणि म्हातारी किती झाली हे धरून मोजल्यावर तेच १०,९९४ झाले. वर्ष तेच, देश तोच, माणसं तीच. काहींना ही लपवाछपवी वाटली, मला नाही वाटत, कारण युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी आता पंचाहत्तरी ओलांडतेय आणि तिथे मृत्यू वाढणारच, ते बेसलाइनमध्ये धरायलाच हवं. आणि हेही बघा की नीट मोजूनसुद्धा जवळपास ११,००० उरलेच. तेव्हा ‘काही झालंच नाही’ म्हणणाराही चुकतोय.

आठवड्यांचा ग्राफ असेल तर अजून एक गोष्ट. इंग्लंडमधले साप्ताहिक आकडे मृत्यूच्या तारखेचे नसून नोंदणीच्या तारखेचे असतात. बँक हॉलिडेला ऑफिसं बंद, की त्या आठवड्यात आकडा धाडकन खाली आणि पुढच्या आठवड्यात वर, मग कुणीतरी तेवढाच उंच खांब कापून फॉरवर्ड करतं. एका आठवड्यावरून काहीही ठरवू नका, निदान तीन-चार महिने एकत्र करा. बेसलाइनमध्ये २०२० किंवा २०२१ घातलंय का तेही बघा, कारण साथीचं वर्षच सरासरीत घातलं तर रेघ वर जाते आणि पुढचे जादा मृत्यू त्यात दडून जातात.

एवढं झालं की मग कारणं, आणि वयोगटाशिवाय कारणांकडे जायचं नाही. इंग्लंडमध्ये २०२२-२३ ला टक्केवारीने जास्त वाढ पन्नास ते चौसष्ट वयात दिसली, ही मला खरंच काळजीची गोष्ट वाटते, कारण ही संसाराच्या ऐन मध्यावरची माणसं. हृदयविकार, डायबेटिस, रखडलेल्या तपासण्या, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघणं, त्यात कोविड आणि फ्लू चालूच. दारूमुळे थेट होणारे मृत्यू ब्रिटनमध्ये २०१९ ला ७,५६५ होते, २०२२ ला १०,०४८ झाले. शिवाय २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने साठ हजारांवर माणसं गेल्याचा अंदाज आहे. एकाच कारणावर सगळं ढकलणाऱ्याला विचारा, की बाबा, यातलं काय काय वजा केलंस?

साथीनंतर आकडा खालीही जाऊ शकतो. १९१८ च्या फ्लूनंतर अमेरिकेत टीबीचे मृत्यू झपाट्याने घटले, कारण बरेच टीबीचे पेशंट फ्लूतच गेले होते. म्हणजे कमजोर माणसं साथीतच गेल्यावर आकडा सरासरीच्या खाली यायला हवा, म्हणून तो नुसता जुन्या सरासरीवर आला, की सगळं ठीक असंही समजू नका.

आपल्याकडचं मोजणं मात्र फार अवघड. देशात नोंदलेले मृत्यू २०१८ ला ६९.५ लाख, २०१९ ला ७६.४ लाख, म्हणजे कुठलीही साथ नसताना एका वर्षात जवळपास सात लाख वाढले, कारण नोंदणीच सुधारत होती. २०२० ला ८१.२ लाख, २०२१ ला १ कोटी २ लाख, आणि २०२२ ला ८६.५ लाख. २०२१ चा डोंगर कुठल्याही बेसलाइनने झाकत नाही. डब्ल्यूएचओचा २०२०-२१ मिळून भारतासाठीचा अंदाज ४७ लाख जादा मृत्यूंचा होता आणि सरकारने तो मान्य केला नाही. पण २०२२ चे ८६.५ लाख २०१९ पेक्षा जास्त दिसतात म्हणून तेवढे सगळे जादा, असं म्हणता येत नाही, यात नोंदणी किती वाढली हे वेगळं काढावं लागतं. तरुणांच्या अचानक मृत्यूंचं विचाराल तर आयसीएमआरने, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२३ ला १८ ते ४५ वयाचा अभ्यास छापलाय, त्यात लसीने धोका वाढलेला दिसला नाही, कोविडमुळे आधी अ‍ॅडमिट झालेले आणि घरात अशा मृत्यूची हिस्टरी असलेले यांच्यात मात्र दिसला. फॉरवर्डला उत्तर देताना हे जरूर लिहा.

आणि घरात कुणी गेलं तर दुःखात सुचत नाही हे खरं, तरी २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नाहीतर वॉर्ड ऑफिसात नोंद कराच, आणि डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट मागून घ्या, हॉस्पिटलमध्ये गेले असतील तर फॉर्म ४, घरी गेले असतील तर ४ए. त्यावर नुसतं ‘हृदय बंद पडलं’ असेल तर मूळ आजारही लिहायला सांगा, कारण देशात चारातल्या एका मृत्यूलाही असं डॉक्टरी कारण लागत नाही.