कंडेन्सेटमध्ये मीठ: दोष जाळीचा निघाला

इव्हॅपोरेटरमध्ये मिठाचं द्रावण उकळून आटवतात; त्याची वाफ थंड होऊन बनणारं पाणी म्हणजे कंडेन्सेट. त्याची कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता, म्हणजे पाण्यात मीठ असल्याची खूण) चढली तेव्हा सगळ्यांचा संशय कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या भागाच्या) ट्यूब गळतीवर, म्हणजे थंड करणारं पाणी आत शिरतंय यावर. मी आधी द्रावण तापवणारी स्टीम कमी केली. आकडा लगेच उतरला. गळती असती तर ती तेवढीच राहून कंडेन्सेट घटल्यावर तो उलट वाढला असता. म्हणजे वाफेबरोबर द्रावणाचे थेंब उडत होते.

डेमिस्टरवरचा (वाफेतले थेंब अडवणाऱ्या जाळीच्या दोन बाजूंमधला) दाबफरकही वाढलेला. उघडलं तर अर्धी जाळी मिठाने बुजलेली. उरलेल्या भागातून वाफ इतक्या वेगाने जायची की अडकलेले थेंबही पुन्हा उचलले जायचे. गरम पाण्याने जाळी धुतली, द्रावणाची पातळी उतरवली, व्हॅक्यूम थोडा सैल केला. खोल व्हॅक्यूममध्ये वाफ विरळ होते, म्हणून तेवढ्याच वजनाच्या वाफेचा वेग वाढतो. (जास्त व्हॅक्यूम म्हणजे चांगलं, हा ऑपरेटरांचा लाडका समज!) आता दाबफरक वाढू लागला की लगेच धुतो.