इंग्रजीचा सराव आपल्याच पाच वाक्यांवर

व्याकरणाचे नियम पाठ असतात, रिकाम्या जागाही बरोबर भरता येतात, पण स्वतः दोन ओळी लिहायला घेतल्या की अडायला होतं. रिकाम्या जागेत चूक कुठे होऊ शकते ते आधीच दाखवलेलं असतं. स्वतःच्या लिखाणात ती आपल्यालाच हुडकावी लागते. म्हणून सराव आपल्याच लिखाणावर करावा, असं माझं ठाम मत आहे.

एक वही घ्या आणि रोज पाच वाक्यं लिहा. आज काय घडलं, उद्या काय करायचंय, एवढंच. मोबाइलवर नको, तिथे स्पेलिंग आपोआप दुरुस्त होतं आणि चूक आपल्या नजरेलाच पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ती वाक्यं मोठ्याने वाचा, तीही तीनदा. आधी फक्त क्रियापदं बघा, मग विरामचिन्हं, शेवटी शब्द. सगळं एकदम शोधायला गेलं की निम्मं निसटतं.

उदाहरणार्थ: ‘माय सिस्टर गो टू वर्क एव्हरी डे, शी डिड नॉट वेंट यस्टर्डे.’ बहीण एकच आणि गोष्ट रोजची, म्हणून ‘गोज’. पुढे ‘डिड’ने भूतकाळ दाखवून झालाय, तेव्हा ‘वेंट’ नको, मूळचं ‘गो’ हवं. आता चिन्ह. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली आहेत. मराठीत ‘तो आला, मी निघालो’ खुशाल चालतं, म्हणून हे आपल्याला खटकतच नाही. इंग्रजीत तिथे पूर्णविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामानंतर ‘बट’ घाला.

‘अ’ की ‘ॲन’, यासाठी देवनागरी फार कामाला येते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून पाहा. ‘अवर’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘ॲन अवर’. इंग्रजी स्पेलिंगमधला एच मुका आहे. ‘युनिव्हर्सिटी’ ‘य’ने सुरू होते, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’, स्पेलिंग यूने सुरू होत असलं तरी. ‘एमबीए’ला ‘ॲन’ का लागतं, तेही लगेच कळेल.

गोंधळाचे शब्द जोडीने पाठ करू नका, त्याने गोंधळ वाढतोच. ‘बॉरो’ म्हणजे उसनं घेणं. आज त्याचीच तीन वाक्यं लिहा. ‘लेंड’, म्हणजे उसनं देणं, दोन दिवसांनी घ्या. सैल या अर्थाच्या ‘लूस’च्या स्पेलिंगमध्ये दोन ओ, हरवणे या अर्थाच्या ‘लूझ’मध्ये एकच.

‘इट्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही, हे ठरवायला त्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहा. ‘द डॉग वॅग्ड इट्स टेल’मध्ये दोन्ही बसत नाहीत, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी नको. ‘युअर’ आणि ‘देअर’ यांनाही ‘यू आर’, ‘दे आर’ वाचून हीच कसोटी लावा. तरीही शंका उरली, तर शब्दकोशातलं उदाहरणवाक्य बघा.

सापडलेली प्रत्येक चूक दुरुस्त करून वहीच्या मागच्या पानांवर उतरवा: डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे बरोबर इंग्रजी. चुकीचं वाक्य तिथे लिहूच नका, तेच डोळ्यांत बसतं. आठवड्यातून एकदा उजवी बाजू झाकून मराठीवरून इंग्रजी लिहा. सलग तीन आठवडे बरोबर आलेल्या वाक्यावर रेघ मारा आणि त्याच्या जागी नवं घ्या.